घरटी एक माणूस

मापुटो, मोझांबिक
६ नोव्हेंबर २०२४

ताई,

तुझ्या ट्रान्सपोर्ट ऑफिसच्या मेलवर माझं नाव बघून दचकू नकोस. मी धडधाकट आहे. इथे व्हॉट्सॲप बंद केलंय. साधा फोन लागला तर अर्ध्या मिनिटात तुटतो, आणि आईला फोनवर किती ऐकू येतं ते तुला माहीतच आहे. कंपनीच्या ऑफिसातलं इंटरनेट दिवसा चालतं, म्हणून पत्र लिहायला बसलो. हे छापून घे आणि रविवारी गावी जाशील तेव्हा आईला मोठ्याने वाचून दाखव. शाळेत निबंध लिहायचो तसं वाटतंय.

निवडणूक झाली. मतं चोरली म्हणून लोक चिडलेत. रोज कुठे ना कुठे रस्ता अडवतात, टायर जाळतात, मग पोलीस धूर सोडतात. मी राहतो मापुटोत आणि साबणाची कंपनी आहे पलीकडे मातोलात. मधला टोलनाका बंद झाला की शिफ्ट बुडाली. आमच्यावर कोणाचा राग नाही. आम्ही हिंदुस्थानी लोक म्हणजे त्यांच्या भांडणात उभे राहिलेले पाहुणे. कोणी हात लावत नाही आणि कोणी बोलवतही नाही.

आता हसायचं सांगतो. सोमवारी दमून आलो आणि न जेवता आडवा झालो. डोळा लागला. एकदम डबे वाजायला लागले, गो ताई, एका घरातून नाही, चारी बाजूंनी. मी उठलो आणि पळालो. कुठल्या देशात आहे, काही आठवलं नाही. डबा वाजला म्हणजे बांधाला खांड पडली, भरतीचं पाणी आत आलं, एवढंच डोक्यात. अनवाणी तीन जिने उतरलो, जिन्याखालची लादी पुसायची बालदी उचलली आणि रस्त्यात जाऊन उभा राहिलो. रस्ता रिकामा. लांब पोलिसांची गाडी. आणि खिडक्याखिडक्यांतून माणसं टोप, झाकण्या, तेलाचे डबे बडवतायत. रात्री नऊ वाजता सगळ्यांनी घरातूनच भांडी वाजवायची असा निषेध ठरला होता म्हणे. मला कोण सांगणार?

तळमजल्यावर दोना आमेलिया म्हणून एक म्हातारी आहे. तिने शर्टाला धरून मला आत ओढलं. पोर्तुगीजमध्ये शिव्या घातल्या असाव्यात, नंतर बालदीकडे बघून हसत सुटली. त्यांच्यातही बालदीला बालदीच म्हणतात, त्यामुळे आता माझं नाव इमारतीत 'सेन्योर बालदी' पडलंय. बाबांनी आपल्याला असं मुरवलंय की बघ. डबा वाजला की घरटी एक माणूस बांधावर, कोणाचं शेत ते विचारायचं नाही. बाबा जाऊन चार वर्षं झाली तरी पाय त्यांचंच ऐकतात.

चोवीस डिसेंबरचं तिकीट पक्कं आहे. आईला सांग, येतोय.

निकेश

————

रोहा
११ नोव्हेंबर २०२४

निक्या,

तुझं पत्र काल आईला वाचून दाखवलं. मी ओटीवर उभी राहून एवढ्या मोठ्याने वाचलं की शेजारची धोंडुबाई घमेलं ठेवून ऐकायला आली. बालदीचं ऐकून दोघी हसून हसून रडल्या. धोंडुबाईने मला ते तेवढंच परत वाचायला लावलं.

भाऊबीजेला तू नव्हतास. माझ्या समीक्षाने तुझ्या फोटोला ओवाळलं. दहावीत गेली तरी अक्कल तेवढीच, फोटोला लाडू भरवत होती. तुझे भाऊजी म्हणाले, मामाला परदेशात आपला लाडू चालणार नाही. त्यांच्या विनोदाला घरात कोणी हसत नाही, तूही हसू नकोस.

आता मुद्द्याचं. आईला वरसेला माझ्याकडे आणायचं मी पुन्हा काढलं. दोन खोल्या आहेत, दवाखाना समोर आहे, आणि रोह्याहून पेणला दर रविवारी गाडीने, मग रामवाडीहून टमटमने मी किती दिवस हेलपाटे घालणार? तिचं एकच. निकेश येईपर्यंत घराला कुलूप नाही. तू आलास की ठरवू. का, तर आपल्या घरातून बांधावर जायला कोणीतरी हवं. मी म्हटलं, तू सहासष्टची आहेस, तू काय जाणार बांधावर? तर म्हणते, मी कुठं जातंय, पन घर उगडा तं पायजे. तेव्हा तू चोवीसला विमानात बसलास की माझं निम्मं डोकं हलकं होईल.

आईने सांगितलेलं जसंच्या तसं लिहिते:

"निक्या, पलालास ते बरा केलास. डबा वाजला का पलायचा, हसनाऱ्याला हसू दे. पन मना एक सांग. तिथं येवढी भांडी वाजली, मंग कोन आला? कोनाला बोलवत होती ती? कोन येनारच नाय तं वाजवायची कशाला?"

मी तिला समजावलं की तिथे बांध नाही, ते सरकारला ऐकवण्यासाठी वाजवतात. तिला पटलं नाही. तूच उत्तर दे.

तुझी ताई

————

मापुटो
२० नोव्हेंबर २०२४

ताई,

आईने विचारलंय, कोण आलं? कोणी आलं नाही. रोज नऊला वाजतात, थोड्या वेळाने थांबतात, आणि मग आधी नव्हती एवढी शांतता होते.

अकोल्याचा निलेश, माझा खोलीतला जोडीदार, गेल्या आठवड्यात गेला. मालकांनी बायकामुलांना जोहान्सबर्गला हलवलं, त्याच गाडीत त्याने जागा मिळवली. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, महिन्याभरात जातोच आहे, बॉयलरवर कोणीतरी हवं. मोठेपणा केला. आता तीन खोल्यांच्या घरात एकटा आहे. दोन खोल्यांचे दिवे लावतच नाही.

पुढचं आईला वाचू नकोस. मला फार एकटं वाटतंय. भीती वाटते असं नाही, म्हणजे वाटते, पण तिची सवय होते. याची होत नाही. जेवायला बसलो की टीव्ही लावतो. भाषा अर्धी कळते, तरी खोलीत कोणीतरी बोलतंय एवढं बरं वाटतं. मागच्या रविवारी दिवसभरात तोंडातून एकच शब्द गेला, पाववाल्याला पाव म्हटलं तेवढाच. आणि तोही त्यांचाच शब्द निघाला.

दोना आमेलियाने काल जिन्यात अडवलं. विचारलं, सेन्योर बालदी, सगळी इमारत वाजवते, तिसरा मजला गप्प का? मी म्हटलं, मी परका माणूस, तुमच्या निवडणुकीत माझं काय? ती म्हणाली, निवडणुकीचं राहू दे. मला डोळ्यांनी कमी दिसतं, वर दिवा आहे की नाही कळत नाही. वाजवलंस तर कळेल तरी की वर माणूस आहे.

मी हो म्हटलं आणि नाही वाजवलं. नऊ वाजता टोप हातात घेऊन उभा राहिलो होतो. आपण दोन वर्षांपूर्वी पेणच्या बाजारातून घेतला तोच, आईने भात करायला दिलेला. मग वाटलं, कोणी खालून फोटो काढला तर? व्हिसा कंपनीच्या नावावर आहे. ठेवून दिला.

बाहेरकाठ्याचं, खाडीकडच्या बांधाचं, काम झालं का? दिवाळीनंतर माती चढवतात ना दरवर्षी? उघाडीजवळ, पाणी सोडायच्या दाराशी, गेल्या पावसात बांध खचला होता, तिथे नीट बघायला सांग.

निकेश

————

रोहा
२ डिसेंबर २०२४

निक्या,

तू नको म्हणालास ते आईला वाचलं नाही. माझा मात्र रविवार नासला. टीव्ही लावून जेवतोस म्हणे! अरे, मला मेल करत जा, दिवसातून चार वेळा कर. साहेब विचारतील तर सांगेन, आफ्रिकेतून मालाची चौकशी आहे.

आई ठीक आहे. जरा काळवंडली आहे, उन्हात हिंडते. बांधाचं विचारलं तर म्हणाली, "सगला झाला, निक्याला सांग कालजी नको." उघाडीजवळचंही झालं म्हणते. मी काही बांधावर गेले नाही. पाचची गाडी गाठायची असते आणि मला चिखलाचा आता कंटाळा येतो, खरं सांगते.

तिने तुझ्याकडे एक वस्तू मागितली आहे. चॉकलेट नको, साबण नको, म्हणते रबरी बूट आण. गुडघ्यापर्यंत येणारे. ऐक:

"पोरा, तुज्या कंपनीत बूट आसतील ना? काले नको, दिसत नाय कुटं ठेवले ते. माजा पाय धाकटा हाय, ताईला इचार."

माझ्याच मापाचा आण, सहा नंबर. कशाला म्हटलं तर अंगणात साप निघतात. निघतात हे खरं, गेल्या वर्षी दोन निघाले होते. पण आजवर तिने साप चपलेने मारलेत, ही नवी ऐट कुठून आली कोण जाणे. म्हातारपणी एकेकाचं काहीतरी असतं. आण बाबा.

तुझी ताई

————

मापुटो
९ डिसेंबर २०२४

ताई,

बूट मिळाले! कंपनीच्या स्टोअरमध्ये पांढरे होते, पॅकिंगच्या बायका घालतात ते. सहा नंबर मोठ्या मुश्किलीने सापडला. स्टोअरवाल्याने विचारलं, कोणासाठी? आईसाठी म्हटल्यावर त्याने सही न घेता दिले. वर म्हणाला, आईला सांग मापुटोने पाठवले. बॅगेत सगळ्यात वर ठेवलेत. खोलीत आलो की बॅग दिसते आणि बॅगेतून ते दोन बूट डोकावतात. बरं वाटतं.

पण ताई, मार्गशीर्षात साप कुठे निघतात? थंडीत ते बिळात असतात. असो. तिला हवेत ना, बस.

इथे आता कामाचे दिवस कमी आणि बंदचे जास्त. परवा टोलनाक्यावर बस सोडून चालत आलो. वाटेत पोरांनी अडवलं आणि गाणं म्हणायला लावलं, त्यांचं. मला येत नाही म्हटलं तर म्हणाले, तुझं म्हण. मला काय सुचावं? हळदीचं म्हटलं, आपल्याकडे लग्नात धवलारणी म्हणतात ते, जेवढं येत होतं तेवढं. टायर जळतायत, धुराने डोळ्यांतून पाणी येतंय आणि मी हळद लावतोय. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि सोडलं. नंतर घरी येऊन मला रडू आलं. का ते कळलं नाही.

आंबे निघालेत इथे. डिसेंबरात आंबा! आमेलियाने दोन दिले. तिची मुलगी उत्तरेला बैरात असते, तिलाही येता येत नाही. आम्ही दोघं तिच्या दारात बसून आंबे खाल्ले. ती बोलते, मी मान हलवतो. मी मराठीत बोललो तरी तीही मान हलवते. बरं चाललंय आमचं.

पंधरा दिवस राहिले.

निकेश

————

मापुटो
१९ डिसेंबर २०२४

ताई,

रविवार गेला, चार दिवस झाले, पत्र नाही. पंधराला पौर्णिमा होती, म्हणजे उधाण होऊन गेलं. सगळं ठीक ना? दोन ओळी टाक.

इथे सोमवारी मोठ्या कोर्टाचा निकाल आहे. त्यानंतर काय होईल कोणी सांगत नाही. माझं विमान मंगळवारी दुपारचं. निघेनच.

निकेश

————

रोहा
२१ डिसेंबर २०२४

निक्या,

सगळं ठीक. ऑफिसात मार्चआधीच मार्च चालू झालाय, म्हणून उशीर. आई माझ्याकडे वरसेला आली आहे, थोडे दिवस हवापालट. बूट विसरू नको म्हणते. तू फक्त सुखरूप ये. बाकी आल्यावर बोलू.

ताई

————

मापुटो
२८ डिसेंबर २०२४

ताई,

मी आलो नाही, हे तुला एव्हाना कळलं असेल. बुधवारी तुम्ही विमानतळावर तर गेला नाहीत ना? कळवायला काही चालू नव्हतं. आज ऑफिस उघडलं.

सोमवारी निकाल तोच राहिला आणि शहर पेटलं. विमानतळ माझ्या घरापासून जवळ, एरवी टॅक्सी हाक मारली की पोचते. मंगळवारी सकाळी बॅग डोक्यावर घेऊन निघालो. दोन चौक गेलो. तिसऱ्यात गोळ्या. एका दुकानाच्या ओट्याखाली बॅगेला मिठी मारून पडून राहिलो आणि विमान माझ्या डोक्यावरून उडालं. आवाज ऐकला मी त्याचा. मग परत आलो, तीन जिने चढलो, दार उघडलं. ताई, त्या रिकाम्या घरात परत शिरण्याइतकं वाईट मला गोळ्यांचंही वाटलं नाही.

आता खरं सांगायचं ते. बुधवारी, नाताळच्या दिवशी, भर दुपारी आमच्या गल्लीतलं धान्याचं गोदाम लुटलं. लुटून जाताना कोणीतरी आग लावली. गोदामाची भिंत आमच्या इमारतीला लागून. सगळी दारं बंद, माणसं पलंगाखाली. आग वरून मलाच दिसत होती, खाली कोणाला नाही. ओरडलो, पण मला इथलं ओरडता येत नाही. आग म्हणजे काय म्हणतात तेही त्या वेळी आठवेना. फोन बंद. मग मी आईचा टोप घेतला आणि खिडकीत उभं राहून उलथन्याने बडवला. दीड महिना जे केलं नाही ते भर दुपारी केलं. व्हिसा गेला खड्ड्यात.

पहिल्यांदा कोणीच नाही. मी वाजवतोय आणि मला आईचा प्रश्न ऐकू येतोय, कोन येनार? मग खालून आमेलियाचा डबा वाजला. मग समोरून. नऊची वेळ नव्हती ना, ताई! नऊला वाजतं ते रोजचं, दुपारी वाजलं म्हणजे काहीतरी झालंय, हे सगळ्यांना न सांगता कळलं. दारं उघडली. एकेका घरातून एकेक माणूस निघाला, हातात बालद्या. आमेलियाच्या मोरीतल्या पिंपापासून भिंतीपर्यंत रांग लागली. कोणाचं गोदाम ते कोणी विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत भिंत वाचली. तिसऱ्या मजल्यावरून मी होतो.

बाबा हवे होते बघायला.

आईने तुझं ऐकलं आणि वरसेला आली, हे वाचून एवढं बरं वाटलं. निदान ती तरी माणसांत आहे. तिकीट नवं बघतोय. तिला सांग आता घराची चिंता सोड.

निकेश

————

रोहा
३ जानेवारी २०२५

निक्या,

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन पाच मिनिटं उभी राहिले. मग घरी नेऊन आईला वाचलं, सगळं, काही न गाळता. आता मीही काही गाळत नाही.

हवापालट नाही. आईच्या घोट्याचं हाड मोडलंय. पायाला प्लास्टर आहे.

बांधाचं काम झालंच नव्हतं. तिने तुला आणि मला दोघांना थापा मारल्या. या वर्षी माती चढवायला गावात माणसंच जमली नाहीत. कोणी पनवेलला, कोणी मुंबईला, कोणी इथे धाटावला कंपनीत. आपल्या आळीत आई आणि धोंडुबाई सोडून सगळ्या दारांना कुलपं आहेत. मी दर रविवारी त्यांच्यासमोरून जात होते आणि मला ती दिसली नाहीत, बघ. आई दिवाळीपासून रोज दिवसाच्या भरतीला उघाडीपर्यंत एकटी फेरी मारत होती. एकटी, अनवाणी. बूट सापासाठी नव्हते रे.

सोळाला, उधाणाच्या भरतीला, भर दुपारी उघाडीजवळच खांड पडली. तिनेच पाहिली. धावत येऊन तिने डबा वाजवला. पूर्वी डबा वाजला की बांध माणसांनी काळा व्हायचा. या वेळी धोंडुबाई आली, दोन म्हातारे आले, खालच्या आळीतल्या चार बायका आल्या. आणि वाडीवरचा केरू आणि त्याची बायको ठमी आली, ज्यांचं बांधाच्या आत वीतभर शेत नाही. एवढ्यांनी गोण्या आणि चिखल टाकून ती खांड वाढू दिली नाही. भरती उतरेपर्यंत आई कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून घमेली पुढे देत होती. पाय तिचा आधीच निसटून मोडला होता, हे तिने कोणाला सांगितलं नाही. केरूने पाठीवर घेऊन आणलं तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. अंगणात आणि दोन शेतांत खारं पाणी शिरलं, तेवढ्यावर भागलं.

मी तुला लपवलं कारण तू विमानात बसणार होतास. आणि तू आईपासून तुझं एकटेपण लपवत होतास. आपल्या घरात खरं बोलणारा कोणी नाही.

ती इथे खिडकीशी बसून असते. तुझी आगीची गोष्ट तिने दोनदा वाचायला लावली. मग हे लिहून घे म्हणाली:

"पोरा, मना उत्तर भेटला. बरा वाटला. आता माजा ऐक. घराला कुलूप हाय. मी लग्न होऊन आले त्यापासून पयल्यांदा. सतरा दिवस चूल नाय पेटली. तेरा तारखेला पुनव हाय, परत उधान येल. नवी माती हाय, ती पक्की नाय झाली अजून. तू येशील तं आधी माज्याकडं येऊ नको. मी काय पलून जात नाय, पाय मोडलाय. आधी घर उगड. उधान सरला का मंग ये."

मी तिला म्हटलं, पोटचा पोर जिवावरच्या प्रसंगातून येतोय आणि तू त्याला घरी येऊ नको म्हणतेस? तर म्हणाली, मी घरीच ये म्हनतंय.

तुझी ताई

————

मापुटो
९ जानेवारी २०२५

ताई,

तिकीट मिळालं. बाराला निघतो, तेराला सकाळी मुंबई. रस्ते चालू झालेत. या वेळी आमेलियाच्या भाच्याने त्याच्या गाडीतून सोडायचं कबूल केलंय.

तुझं पत्र मी रोज वाचतोय. तू रागावली असशील तर रागाव. मी तिकडे नव्हतो, हे एकच खरं आहे आणि ते कितीही वेळा वाचलं तरी बदलत नाही. आईला सांग, ती सांगते तसंच करतो. आधी घर.

टोप आमेलियाला दिला. ती म्हणाली, तुझ्या वाटचं मी वाजवीन. मी म्हटलं, पण मग वर माणूस नसेल तरी वाजेल. ती हसली नाही. म्हणाली, मग नाही वाजवणार. भात करीन त्यात.

निकेश

————

गाव, पेण
१४ जानेवारी २०२५

ताई, आणि आई,

फोन करता आला असता, आता सगळं चालू आहे. पण आईला फोनवर ऐकू येत नाही आणि मला आता लिहायची सवय लागली. समीक्षाला मोठ्याने वाचायला सांग.

काल सकाळी रामवाडीला उतरलो आणि सरळ इकडे आलो. किल्ली वळचणीला होती, कुलूप गंजलेलं. खारी हवा ना. अंगणात मिठाचा पांढरा थर आहे, पायाखाली करकरतो. भिंतीवर पाण्याची रेघ आहे, उंबऱ्याच्या वीतभर खाली. म्हणजे आत आलं नाही, आई. चूल पेटवली. चहा काळाच केला. बूट दाराशी ठेवलेत, पांढरे, लांबून दिसतात.

काल दुपारी आणि आज दुपारी भरतीला उघाडीवर जाऊन बसलो. नवी माती ओली आहे, पण धरून आहे. पाणी चढत चढत दोन हातांवर आलं, थांबलं, मग उतरलं. बांधावर मी एकटाच. एका बाजूला खाडी, एका बाजूला शेतं, आणि हाक मारली तर पोचेल एवढ्यात कोणी नाही. मापुटोत वाटायचं, गावी गेलो की हे जाईल. ते इथेही आहे, ताई. तुला हे सगळं दर रविवारी दिसत होतं आणि तू गाडी गाठायचीस. मी असतो तरी तेच केलं असतं.

परतताना आळीतली कुलपं बघत आलो. संध्याकाळी ओटीवर बसलो होतो. संक्रांत असून कोणाच्या घरातून आवाज नाही. समोर तो डबा टांगलेला. काय वाटलं कोण जाणे, उठलो आणि वाजवला. खांड नसताना डबा वाजवू नये, बाबांनी असल्याला फोडून काढला असता, मला माहीत आहे. तरी वाजवला. थांबलो. मग दाराची कडी वाजली पलीकडे, आणि धोंडुबाई आली. पदर खोचलेला, डोक्यावर घमेलं, हातात काठी. धापा टाकत म्हणाली, "कुटं पडली रं?"

मी म्हटलं, कुठंच नाही, मावशे. कोण कोण आहे ते बघायला वाजवला.

तिने मला ज्या काय शिव्या घातल्या त्या समीक्षाने वाचाव्यात अशा नाहीत. मसणात जायच्या वयात मला पळवलंस म्हणाली. मग घमेलं उपडं टाकून त्यावर बसली. माझ्या हातचा काळा चहा प्याली, बेकार म्हणाली. तुझी विचारपूस केली, आई, पायाची. अंधार पडला तशी उठली. मी तिचं घमेलं उचलून तिच्या दारापर्यंत गेलो. तिने कडी काढली, आत गेली, आणि दार लावता लावता म्हणाली,

"उद्या पन वाजव."

तुमचा
निकेश